बगचा वापर आणि खेळाचा समतोल: ब्रूड वॉरच्या निमित्ताने

मूळ मत

स्ट्रॅटेजी गेममध्ये निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसलेली एखादी त्रुटी (बग) कुणी हेरून डावात वापरली, की याने समतोल बिघडतो असा आक्षेप लगेच घेतला जातो. हा आक्षेप सरसकट लावणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण १९९८ सालच्या 'स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर'मध्ये सापडते.

या गेममध्ये झर्ग, टेरन आणि प्रोटॉस हे तीन वंश लढतात, आणि खेळाडूला एका वेळी आपली बाराच युनिट (सैनिक, जीव किंवा याने) निवडता येतात. झर्ग खेळणारे अकरा म्युटालिस्क (उडते हल्लेखोर जीव) आणि दूर तळावर थांबलेला एखादा ओव्हरलॉर्ड (संथ उडणारा जीव) असा गट करतात. गटातले एक युनिट फार लांब असल्यामुळे गेम त्यांची आपापसातली रचना राखत नाही आणि अकराही म्युटालिस्क एकमेकांवर चढून एकाच ठिपक्यासारखे उडू लागतात. प्रत्येकाचा मारा ९ चा, म्हणजे सगळ्यांचा मिळून ९९ चा; समोरच्या मरिनची, म्हणजे टेरनच्या साध्या पायदळ सैनिकाची, जीवनशक्ती अवघी ४०. एवढे पाहिले तर टेरनचे कंबरडे मोडायला हवे होते. प्रत्यक्षात टेरन खेळाडूंनी तोड काढली. मिसाइल टरेट (उडत्या शत्रूवर मारा करणारे बुरूज) वेळेवर आणि मोजून बांधणे, मरिन आणि मेडिक (उपचार करणारे सैनिक) विखरू न देणे हे तर आलेच. पण खरा उतारा सायन्स व्हेसल या टेरनच्या उडत्या यानाच्या इरॅडिएट या किरणोत्सारी माऱ्याचा, कारण तो ज्याला लागतो त्याच्या आसपासच्या सजीव युनिटनाही जाळतो, आणि एकमेकांत मिसळून उडणारे म्युटालिस्क त्यात एकत्र भाजून निघतात. ज्या त्रुटीने बळ दिले तीच अंगाशी येते. उरलासुरला फरक कोरियातल्या नकाशाकारांनी खनिजांमागची मोकळी जागा कमी-जास्त करून भरून काढला.

निर्माती कंपनी ब्लिझार्डने २००१ च्या १.०८ पॅचनंतर (गेममधल्या अधिकृत दुरुस्तीनंतर) या गेमच्या समतोलाला हात लावलेला नाही, आणि २०१७ ची रीमास्टर्ड आवृत्ती काढतानाही हे वर्तन जाणीवपूर्वक जसेच्या तसे ठेवले. म्हणून एखादी क्लृप्ती निर्मात्यांना अपेक्षित होती की नव्हती, याला मी महत्त्व देत नाही. समोरच्याला तिच्यावर उत्तर देता येते का, एवढेच पाहावे.

प्रतिसाद १

आपले उदाहरण बिनतोड वाटते, कारण जे टिकले तेच आपण निवडले आहे. त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागात काय झाले ते पाहू. 'स्टारक्राफ्ट २'मध्ये प्रोटॉसच्या मदरशिप या महाकाय यानाकडे व्होर्टेक्स (भोवरा) नावाची शक्ती होती, जी शत्रूचे सैन्य काही काळ गिळून ठेवत असे. खेळाडूंनी त्याच भोवऱ्यात आपले आर्कॉन (प्रोटॉसची बलाढ्य युनिट) सोडायला सुरुवात केली. भोवरा ओसरताच सगळी युनिट एकाच जागी दाटीवाटीने बाहेर पडत आणि आर्कॉनचा आजूबाजूला पसरणारा मारा अख्खे सैन्य क्षणार्धात संपवत असे. अर्धा-पाऊण तास चाललेल्या डावाचा निकाल एका फेकीवर लागायचा: भोवरा नेमका बसला तर प्रोटॉस जिंकणार, हुकला तर झर्ग.

याहून गंभीर बाब अशी, की झर्गच्या ब्रूडलॉर्ड आणि इन्फेस्टर या युनिटच्या जोडीपुढे प्रोटॉसची मदार बव्हंशी याच क्लृप्तीवर राहिली. त्यामुळे मूळ दुखणे झाकले गेले. क्लृप्ती काढून घ्यावी तर प्रोटॉस उघडा पडतो आणि ठेवावी तर डाव जुगार होतो, अशा कात्रीत निर्माते सापडले. २०१३ च्या 'हार्ट ऑफ द स्वॉर्म' या विस्तारात व्होर्टेक्स ही शक्तीच काढून टाकावी लागली. समतोल बिघडतो तो असा, आणि आकडेवारीत तो बराच काळ दिसतही नाही, कारण जिंकण्या-हरण्याचे प्रमाण जवळपास सारखे राहू शकते.

प्रतिसाद २

दोन्ही उदाहरणे माणसाविरुद्ध माणूस अशा खेळाची आहेत. संगणकाविरुद्ध खेळताना धागालेखकांचा निकष लागू करायचा म्हटले तर उत्तर सरळ येते, कारण संगणक तोड काढतच नाही. 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये शेजारी राज्याकडून एकरकमी सोने घ्यायचे, बदल्यात दर फेरीला थोडे थोडे फेडण्याचा करार करायचा आणि दुसऱ्याच फेरीत युद्ध पुकारायचे. करार रद्द, सोने आपल्याकडे. २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्ताराने एकरकमी सोन्याचा व्यवहार मैत्रीचा जाहीरनामा असलेल्यांपुरता मर्यादित केला, हे योग्यच झाले. त्याआधी वरच्या काठिण्यपातळीवरचा विजय नियोजनाचा की उधारी बुडवल्याचा, हे सांगणे अवघड होते.

धागालेखकांचे उत्तर

सिव्हिलायझेशनबद्दल आपले म्हणणे माझ्या निकषातच बसते, त्यामुळे त्यावर वाद नाही. व्होर्टेक्सच्या मुद्द्याला मात्र माझा विरोध आहे. तिथे ब्रूडलॉर्ड आणि इन्फेस्टर ही जोडी आवाक्याबाहेर गेली होती, आणि ती निर्मात्यांनी पूर्ण विचारांती दिलेल्या युनिटचीच जोडी होती. दुखणे अधिकृत रचनेत असताना दोष खेळाडूंनी शोधलेल्या उपायाला का द्यावा? ब्रूड वॉरमधले मिनरल वॉकही पाहा. खनिज गोळा करायला निघालेला कामगार इतर युनिटमधून आरपार जातो. तिन्ही वंशांकडे कामगार आहेत, म्हणून सोय सर्वांना सारखी. हे वर्तन उद्या काढून टाकले, तर शत्रूच्या तळात शिरून टेहळणी करण्याचे एक अख्खे कौशल्य जाईल आणि पदरात काहीच पडणार नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे प्रत्युत्तर

सर्वांना सारखी सोय आणि उत्तराची शक्यता, या दोन्ही अटी पूर्ण होऊनही खेळ बिघडू शकतो. 'डोटा २' या दोन संघांच्या गेमच्या २०१३ मधल्या द इंटरनॅशनल स्पर्धेत नावी संघाने टाँगफू संघाविरुद्धच्या निर्णायक डावात फाउंटन हुक नावाची क्लृप्ती वापरली. पज या हिरोने (खेळाडू चालवतो त्या पात्राने) गळ टाकायचा आणि तो परत येण्याआधी चेन या दुसऱ्या हिरोने पजला आपल्या तळावर पाठवायचे. अडकलेला शत्रू नकाशाभर फरफटत थेट फाउंटनपाशी, म्हणजे शत्रूला मारणाऱ्या तळावरच्या कारंज्यापाशी, येऊन मरतो. दोन्ही हिरो दोन्ही संघांना खुले होते आणि डावाआधी हिरो निवडताना त्यांपैकी एकावर बंदी घालणे हे उत्तरही उपलब्ध होते. पण त्या उत्तराचा अर्थ असा, की प्रत्येक संघाने आपली एक बंदी कायम या क्लृप्तीसाठी राखून ठेवायची. शिवाय डाव सुरू झाल्यावर जो कुठे उभा राहावे, केव्हा मागे फिरावे याचे निर्णय अचूक घेत होता, त्याला त्या निर्णयांचे मोल मिळेनासे होते. त्याच वर्षीच्या ६.७९ पॅचने गळाचे परतण्याचे ठिकाण तो जिथून टाकला तिथेच पक्के केले. पज आणि चेन त्यानंतरही खेळले गेले, आणि त्यांना रोखण्यासाठी इतर संघांना आता नकाशावरच झुंजता येते.