पणजोबांची जर्मन संगीन: बफ मारू की तशीच ठेवू?

कृष्णाकाठ_कराड
नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. गावचं जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची पदकं आणि एक संगीन सापडली. आजी म्हणते, "जर्मनाची हाय, तिकडनंच आणलीया." पातं मोजलं तर २५ सेंटीमीटर भरलं. म्यान लोखंडी, मुठीला तांबूस तपकिरी पट्ट्या. पातं काळपट आहे, टोकाकडे लालसर गंज. साताऱ्यात एका जुन्या वस्तूवाल्याला दाखवली, तो म्हणाला बफ मारून लख्ख करून आणा, मग भाव बोलू. विकायची नाहीच. पण ती खरंच जर्मन आहे का, आणि बफ (फिरत्या चाकावर घासून चकाकी) मारावा का?

टूलरूमकाका_सातारा
बफ अजिबात मारू नका. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यातलंही काही नको. आधी वस्तू वाचायची, मग पुसायची.

आपल्याकडे जुन्या बाजारात "जर्मन" म्हणून ब्रिटिश १९०७ ची संगीन सर्रास गळ्यात मारतात. तिचं पातं चांगलं १७ इंची, आणि आडव्या पट्टीला रायफलीची नळी जायची गोल कडी. अंगावर मुकुट आणि १९०७ हा आकडा, बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातली असेल तर आर एफ आय ही अक्षरं. तुमची तशी नाही. २५ सेंटीमीटर पातं आणि बेकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) मूठ म्हणजे ८४/९८ नमुन्याची जर्मन संगीन, मॉझर या जर्मन रायफलीवर बसणारी. हिला कडी नसते. मुठीच्या टोकाला खाच असते, ती नळीखालच्या लोखंडी दांड्यावर सरकते आणि बटणाने अडकते. मुठीच्या पाठीवर पातळ पत्रा असतो, गोळीच्या जाळाने मूठ भाजू नये म्हणून. बटण दाबून बघा, झटकन परत येतं का.

आता पातं मुठीला भिडतं तिथे भिंगाने बघा. एका अंगाला कारखान्याची खूण, दुसऱ्या अंगाला नंबर. युद्धाआधी दोन-तीन वर्षं सोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गावातल्या कारखान्यांची पूर्ण नावं असायची. युद्ध पेटल्यावर नावांच्या जागी तीन अक्षरं आली आणि सोबत वर्षाचे दोन आकडे. सी ओ एफ म्हणजे कार्ल आइकहॉर्न, एफ एन जे म्हणजे कोपेल. म्यानावरही नंबर असतो. तो पात्याशी जुळला तर जोडी मूळची. मुठीच्या टोकाला गरुडाचे बारीक शिक्के सापडतील. हे सगळं ठशाने मारलेलं असतं, अक्षराच्या कडा धारदार लागतात. बफ मारला की त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. पात्यावरच्या लांब पन्हळीची कडही विरघळते. हे नुकसान भरून येत नाही. मी उभा जन्म टूलरूममध्ये काढला, गेलेली कड परत आणता येत नाही हे हाताला ठाऊक आहे.

स्थिती ठरवताना मी एकच बघतो: ही झीज शिपायाची की दुकानदाराची? खिडकीशी उभं राहून पातं उजेडाला तिरपं धरा. म्यानाच्या तोंडाशी आत दोन पट्टी-स्प्रिंगा असतात. त्यांच्या घासण्याने काळ्या निळसर लेपावर टोकाच्या दिशेने करडे उभे पट्टे पडतात. असे पट्टे दिसले तर मला आनंद होतो, लेप मूळचा आहे आणि संगीन वापरलेली आहे. तो काळपट थर तुम्हाला घाण वाटला, पण बहुधा तोच मूळ लेप आहे. धारही बघा. रणांगणावर जाताना लष्करातच धार लावून देत, ती पात्याभर सारखी असते. ग्राइंडरने मागाहून लावलेली खालीवर होते, तिरक्या रेघा सोडते. माझ्याकडची ९८/०५ नमुन्याची जर्मन संगीन पहिल्या महायुद्धातली आहे. पाठीवर मुकुट, खाली डब्ल्यू आणि १६, म्हणजे जर्मनीतल्या प्रशिया राज्याची, १९१६ ची. तिच्या पाठीवरचे करवतीचे दाते घासून काढलेत, पण ते युद्धाच्या शेवटाकडे जर्मन लष्करानेच काढायला लावलेले. ती खोट धरायची नाही, तो तिचा इतिहास आहे.

गंजाचं सांगतो. लाल भुसभुशीत असेल तो जिवंत, तो थांबवायचा. शिलाई मशीनचं तेल लावून दिवसभर मुरू द्या, सुती कापडाने टिपा, कानाकोपऱ्यातला मळ बांबूच्या काडीने काढा. जेवढा निघेल तेवढाच. गडद, घट्ट बसलेला डाग राहू द्या. मुठीचे स्क्रू उघडू नका, खाच फाटली की बघणाऱ्याला लगेच कळतं.

वकील_सांगली
एक गोष्ट राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट आहे, आणि पात्याची मर्यादा ९ इंच. तुमचं २५ सेंटीमीटर म्हणजे पावणेदहा इंचाच्या पुढे. जुनाट, कालबाह्य शस्त्रांबाबत कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती आपल्या संगिनीला लागते का हे आपण घरी बसून ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत फोटो आणि पणजोबांच्या सैन्यातल्या कागदांसह लेखी विचारा, पोच घ्या. आणि तोवर भिंतीवर नको.

कृष्णाकाठ_कराड
काका, भिंगाने बघितलं. एका बाजूला ४२ आणि ए एस डब्ल्यू. करडे पट्टे आहेत! पण म्यानावरचा नंबर वेगळा आहे. म्हणजे किंमत गेली का? वकीलसाहेब, सोमवारी अर्ज देतो.

टूलरूमकाका_सातारा
ए एस डब्ल्यू म्हणजे सोलिंगेनचा हॉर्स्टर, साल १९४२. नंबर जुळत नसले तर संग्राहक पैसे कमी देतो, खरं आहे. पण तुम्हाला विकायची नाही. आघाडीवर अशी अदलाबदल होतच असे, जे हाताला लागलं ते शिपायाने उचललं. दुसरं म्यान शोधून जोडी "जुळवायच्या" फंदात पडू नका, पणजोबांनी आणली ती हीच जोडी. चामड्याचा पट्टा सोबत असेल तर वेगळा ठेवा, चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं. पावसाळ्यात पातं म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात. म्यानाच्या तोंडाचा स्क्रू सहज सुटला तरच काढा, उलटं धरून आतला भुसा झटका. सुटत नसेल तर नुसतं तेल सोडा. आणि गरुडाच्या शिक्क्याचा फोटो टाका, पण उजेड कडेने पडू द्या, फ्लॅश नको.