जिओसर्व्हरवर गट नकाशा फार हळू उमटतोय, हीप वाढवूनही फरक नाही

प्रश्न: शिवारनकाशा

एका जिल्ह्याच्या गटांच्या (जमिनीच्या तुकड्यांच्या) हद्दी पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या नकाशा-जोडणीत आहेत. साधारण ११ लाख पॉलिगॉन (बंद आकृत्या), मूळ प्रक्षेपण यूटीएम ४३, म्हणजे ईपीएसजी या प्रक्षेपणांच्या यादीत ३२६४३. जिओसर्व्हर या नकाशा-सर्व्हरमधून डब्ल्यूएमएसने (नकाशाचं चित्र मागवण्याची पद्धत) देतो, समोर ब्राउझरमध्ये ओपनलेयर्स आहे. त्याच नकाशावर गावांच्या हद्दी, ओढे-नद्या आणि एका तालुक्याचा ऑर्थोफोटो (नकाशाशी जुळवलेला हवाई फोटो) आहे. ऑर्थोफोटो ८०,००० × ६०,००० पिक्सेलची एकच जिओटिफ फाइल आहे.

अडचण अशी: गावापर्यंत झूम केलं तरी गटांची एक टाइल (नकाशाचा चौकोनी तुकडा) यायला ६ ते ९ सेकंद लागतात. पूर्ण जिल्हा दिसेल एवढं मागे गेलं की मिनिटभराने एरर येते. ऑर्थोफोटो चालू केला तर त्याहून वाईट.

मशीन ८ कोअरचं, रॅम ३२ जीबी, एसएसडी. जिओसर्व्हर आणि पोस्टग्रेस एकाच मशीनवर. जावाचा हीप (जिओसर्व्हरला दिलेली मेमरी) ४ जीबीवरून १६ जीबी केला, काही फरक पडला नाही. भूमितीच्या जिओम कॉलमवर जिस्ट इंडेक्स (जागेवरून झटकन शोधायची सूची) आहे.

गटांची लेयर एसक्यूएल व्ह्यूवर (जिओसर्व्हरमध्ये लिहून ठेवलेल्या क्वेरीवर) आहे: गटांच्या टेबलाला जमीन-वापराचं टेबल जोडलंय आणि भूमिती एसटी_ट्रान्सफॉर्मने ३८५७ मध्ये, म्हणजे वेब नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात बदललीय. स्टाइलमध्ये तीन फीचरटाइपस्टाइल (एकावर एक काढले जाणारे थर) आहेत: रंग, रेघ आणि पांढऱ्या हेलोसह (अक्षरांभोवतीची किनार) गट क्रमांक. लोक हे मोबाइलवर, शेतात उभं राहून बघतात, त्यामुळे एवढा वेळ परवडणारा नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: जिस्टइंडेक्स

आधी वेळ कुठे जातोय ते वेगळं करा. त्याशिवाय सेटिंग बदलत बसलात तर दिवस जातील.

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून एका टाइलची गेटमॅप (चित्र मागणारी) यूआरएल उचला आणि कर्ल या कमांडने थेट सर्व्हरवरूनच मागवा, म्हणजे नेटचा वेग हिशोबातून गेला. लेयर्सच्या यादीत एकच लेयर ठेवा. वेळ नोंदवा. मग तीच विनंती अगदी साध्या स्टाइलने करा: एक करडी रेघ, रंग नाही, नाव नाही. साध्या स्टाइलने झटकन आली तर दोष स्टाइलमध्ये. तरीही तेवढाच वेळ लागला तर दोष डेटा वाचण्यात, आणि मग स्टाइलला हात लावण्यात अर्थ नाही.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय व्ह्यूमधल्या एसटी_ट्रान्सफॉर्मवर. इंडेक्स आहे तो जिओम कॉलमवर, म्हणजे ३२६४३ मधल्या भूमितीवर. जिओसर्व्हर टाइलचा चौकोन लावतो तो व्ह्यूमधून बाहेर पडणाऱ्या, ३८५७ मधल्या भूमितीवर. पोस्टग्रेसच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून इंडेक्स असून नसल्यासारखा. प्रत्येक टाइलसाठी ११ लाख पॉलिगॉन आधी रूपांतरित होतात आणि मग त्यातले दोन-तीनशे निवडले जातात.

उपाय तीन. सर्वांत सोपा म्हणजे व्ह्यूमधून रूपांतर काढून टाका, भूमिती ३२६४३ मध्येच द्या. जिओसर्व्हर मागणीचा चौकोनच ३२६४३ मध्ये नेतो, इंडेक्स वापरला जातो आणि निवडलेले थोडे पॉलिगॉनच तो स्वतः ३८५७ मध्ये बदलतो. दुसरा, त्याच सूत्रावर इंडेक्स: गट टेबलावर जिस्ट, कंसात एसटी_ट्रान्सफॉर्म(जिओम, ३८५७). सूत्र व्ह्यूमधल्यासारखंच हवं, नाहीतर तो वापरला जाणार नाही. तिसरा, ३८५७ चा वेगळा कॉलम साठवून त्यावर इंडेक्स. पुढेमागे राज्यभराचं काम करायचं असेल तर हा तिसरा मला सर्वांत बरा वाटतो. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे यूटीएम ४४ लागतो, आणि दोन झोनच्या भूमिती ३२६४३ च्या एकाच कॉलमात ठेवता येत नाहीत.

इंडेक्स केल्यावर त्या टेबलावर व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ चालवाच. मोठा डेटा भरल्यानंतर आकडेवारी ताजी नसेल तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) चुकीचा रस्ता धरतो. एसएसडी असल्यामुळे पोस्टग्रेसचं रँडम_पेज_कॉस्ट (विखुरलेलं वाचन किती महाग धरायचं तो आकडा) मूळच्या ४ वरून १.१ करा.

आता हीप. १६ जीबी दिल्याने नुकसानच झालंय. २५६ × २५६ च्या टाइलचं चित्र पिक्सेलला ४ बाइट धरून २५६ केबी. ४ × ४ टाइल एकत्र काढणारी मेटाटाइल घेतली तरी ४ एमबी. तीन फीचरटाइपस्टाइल असतील तर प्रत्येकीसाठी वेगळा कॅनव्हास लागतो, म्हणजे १२ एमबी. दहा-पंधरा विनंत्या एकदम आल्या तरी एवढ्या हीपची गरज पडत नाही. उलट तीच रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे राहिली असती तर पोस्टग्रेसच्या फाइली आणि तुमची जिओटिफ तिथे कॅशमध्ये बसली असती. हीप परत ४ जीबी करा. पोस्टग्रेसचं शेअर्ड_बफर्स (त्याची स्वतःची कॅश) मूळच्या १२८ एमबीवर असेल तर ८ जीबीपर्यंत न्या.

हे झाल्यावर जिओसर्व्हरचं लॉगिंग थोड्या वेळासाठी जिओटूल्स डेव्हलपर प्रोफाइलवर ठेवा. लॉगमध्ये खरी एसक्यूएल दिसेल. ती उचलून पीएसक्यूएलमध्ये एक्सप्लेन (अ‍ॅनालाइझ, बफर्स) लावून चालवा आणि प्लॅन (क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालली ते) इथे द्या. लॉगिंग लगेच प्रॉडक्शनवर परत आणा, ते तसंच राहिलं तर तेही सर्व्हर हळू करतं.

प्रश्नकर्ता: शिवारनकाशा

साध्या स्टाइलनेही जवळपास तेवढाच वेळ लागतोय, म्हणजे दोष डेटा वाचण्यात. तुमचा दुसरा उपाय केला, सूत्रावर इंडेक्स टाकला, अ‍ॅनालाइझही केलं. हीप ४ जीबी. तरी वेळ तोच. प्लॅन वरून खाली असा आहे: सबक्वेरी स्कॅन, त्यावर चौकोनाची फिल्टर, खाली विंडोअ‍ॅग, खाली हॅश जॉइन, सर्वांत खाली गट टेबलावर सीक स्कॅन (पूर्ण टेबल ओळीने वाचणं). फिल्टरने टाकलेल्या ओळी जवळपास ११ लाख. एकूण वेळ ५.८ सेकंद.

उत्तर: प्लॅनवाचक

विंडोअ‍ॅग दिसतंय म्हणजे व्ह्यूमध्ये रो_नंबर() ओव्हर () हे ओळींना क्रमांक देणारं विंडो फंक्शन असणार, जिओसर्व्हरला एक आयडी हवा म्हणून घातलेला. खरं दुखणं ते आहे.

जिओसर्व्हर तुमची पूर्ण एसक्यूएल कंसात घालतो आणि बाहेर चौकोनाची अट लावतो. साधी सिलेक्ट-जॉइन असेल तर पोस्टग्रेस ती अट आत, थेट टेबलापर्यंत ढकलतो आणि इंडेक्स वापरतो. पण आत विंडो फंक्शन असलं की तसं करता येत नाही. आधी गाळून मग क्रमांक दिले तर क्रमांक बदलतील, म्हणून त्याला सगळ्या ११ लाख ओळींना क्रमांक देऊनच बाहेरची अट लावावी लागते. आत लिमिट असली तरी हेच होतं. इंडेक्स कितीही चांगला असला तरी तिथपर्यंत अट पोचतच नाही.

रो_नंबर काढा. गट टेबलाची प्रायमरी की व्ह्यूमध्ये घ्या आणि जिओसर्व्हरमध्ये एसक्यूएल व्ह्यूच्या पानावर त्या कॉलमसमोर आयडेंटिफायरची खूण करा. वेगापलीकडेही ही दुरुस्ती गरजेची आहे. ओव्हर () मध्ये क्रम दिलेला नसल्याने एकाच गटाला प्रत्येक क्वेरीत तोच क्रमांक मिळेल याची खात्री नसते. नकाशावर बोट ठेवून त्या आयडीने पुढे माहिती शोधत असाल तर कुणाला शेजाऱ्याच्या गटाची माहिती दिसू शकते. जमिनीच्या नकाशात हे अजिबात चालणार नाही.

जमीन-वापराच्या टेबलात जोडणीच्या कॉलमवर साधा बी-ट्री इंडेक्स आहे ना ते बघा. दोन्हीकडे कॉलमचा प्रकार एकच हवा. एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे पूर्णांक ठेवून जोडताना प्रकार बदलून घेतला की त्या बाजूचा इंडेक्स वाया जातो.

प्रश्नकर्ता: शिवारनकाशा

रो_नंबर काढला, प्रायमरी की लावली. तीच क्वेरी आता ९ मिलिसेकंद, प्लॅनमध्ये बिटमॅप इंडेक्स स्कॅन. गावाच्या झूमवर टाइल पाव सेकंदाच्या आत येते. मागे गेल्यावर मात्र अजून अडकतं, आणि ऑर्थोफोटो तसाच.

उत्तर: जिस्टइंडेक्स

मागे गेल्यावर इंडेक्सची मदत संपते, कारण त्या चौकोनात खरोखरच सगळे गट असतात. मिनिटभराने येणारी एरर ही डब्ल्यूएमएसच्या सेटिंगमधली रेंडरिंगची ६० सेकंदांची मर्यादा आहे. ती वाढवू नका. तिथे गट काढायचेच नाहीत, हा उपाय.

हिशोब करा. वेब मर्केटरमध्ये झूम १० ला एक पिक्सेल १५२.९ मीटर, आपल्या अक्षांशावर जमिनीवरचे साधारण १४५. एक एकर, म्हणजे ४० आर, चौरस धरला तर बाजू ६४ मीटरच्या आसपास. अख्खं शेत अर्ध्या पिक्सेलपेक्षा लहान. लाखो पॉलिगॉन वाचून, रंगवून हाती येतो एक गडद डाग, कारण रेघांवर रेघा बसतात. झूम १४ ला पिक्सेल ९ मीटरचा होतो, एकराची बाजू सात पिक्सेल दिसते, तिथून गट दाखवण्यात अर्थ आहे.

झूम १४ चं प्रमाण १:३४,१२४. गटांच्या नियमांना मॅक्सस्केलडिनॉमिनेटर (याहून मागे गेलं की नियम लागू नाही) ३५,००० द्या. गट क्रमांकांचा नियम वेगळा करून त्याला १०,००० द्या, म्हणजे ते झूम १६ पासून येतील. अट प्रत्येक नियमाला लावा. एक नियम जरी मोकळा राहिला तरी त्याच्यासाठी सगळा डेटा वाचला जातो. ३५,००० च्या वर गावांच्या हद्दी, त्याहून मागे तालुक्यांच्या.

गावांच्या हद्दी मोजणीच्या बारकाईच्या असतील तर मागच्या झूमसाठी त्यांची सोपी केलेली प्रत वेगळ्या टेबलात ठेवा. एसटी_सिम्प्लिफाय वापरू नका. ते प्रत्येक पॉलिगॉन एकेकटं सोपं करतं, मग शेजारच्या दोन गावांमध्ये फटी पडतात. पोस्टजीआयएस ३.४ आणि त्याची भूमिती लायब्ररी जीईओएस ३.१२ असेल तर एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय सामायिक हद्द दोन्हीकडे सारखी ठेवतं. तेही विंडो फंक्शनच आहे, म्हणून व्ह्यूमध्ये नको. एकदा चालवून निकाल टेबलात साठवा.

रंग आणि रेघ एकाच फीचरटाइपस्टाइलमध्ये, एकाच पॉलिगॉन सिम्बॉलायझरमध्ये घ्या. एक कॅनव्हास आणि एक फेरी वाचते. हेलो महाग असतो, तो २ पिक्सेलऐवजी १ पुरतो. क्रमांक देवनागरीत असतील तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवून सिम्बॉलायझरमध्ये त्याचंच नाव द्या, नाहीतर चौकटी उमटतात.

उत्तर: ऑर्थोपट्टी

ऑर्थोफोटोसाठी फाइलवर जीडीएएल-इन्फो (चित्र-फाइलची माहिती दाखवणारी कमांड) चालवा आणि ब्लॉकचा आकडा बघा. तिथे ८०,००० × १ असं दिसलं तर फाइल पट्ट्यांची आहे. एक पट्टी म्हणजे पूर्ण रुंदीची ओळ, तीन बँडचे २४० केबी. फाइल कॉम्प्रेस केलेली असेल तर हवा असलेला तुकडा छोटा असला तरी पट्टी पूर्ण उलगडावी लागते. २५६ ओळींच्या टाइलसाठी सुमारे ६१ एमबी. त्याऐवजी आतून २५६ × २५६ च्या चौकटी असतील तर एक चौकट १९२ केबी, टाइल चार चौकटींवर पडली तरी ७६८ केबी.

जीडीएएल-ट्रान्सलेटने नवी फाइल करा, पर्याय असे: टाइल्ड=येस, कॉम्प्रेस=जेपेग, फोटोमेट्रिक=वायसीबीसीआर, बिगटिफ=इफ_सेफर. मग जीडीएएल-अ‍ॅडओने ओव्हरव्ह्यू (आधीच लहान करून ठेवलेल्या प्रती): पद्धत अ‍ॅव्हरेज, पायऱ्या २ ४ ८ १६ ३२ ६४ १२८. शेवटची पायरी ६२५ × ४६९ पिक्सेलची होते, म्हणजे पूर्ण तालुका दाखवायला तेवढंच वाचावं लागेल. आत्ता ओव्हरव्ह्यू नसतील तर मागच्या झूमवर सगळे १४.४ जीबी चाळले जातात, तिथेच सर्व्हर बसतो. फाइल जास्तीत जास्त एक तृतीयांशाने वाढते. ओव्हरव्ह्यूंनाही जेपेग कॉम्प्रेशन सांगावं लागतं, विसरू नका.

कडेला काळी किनार असेल आणि ० हे नोडेटा (इथे माहिती नाही) धरून ती पारदर्शक केली असेल, तर जेपेगनंतर कडेला ठिपके उरतात. जेपेगमध्ये नेमकं ० टिकत नाही, १-२-३ होतं. किनारीसाठी फाइलच्या आत मास्क बँड (कुठे चित्र आहे, कुठे नाही ते सांगणारा थर) ठेवा. आणि जमीन-वापराचं वर्गीकृत रास्टर (पिक्सेलचं चित्र) असेल तर त्याला जेपेग आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वर्ज्य: कॉम्प्रेशन डिफ्लेट आणि पद्धत निअरेस्ट किंवा मोड. वर्ग ३ आणि वर्ग ७ यांची सरासरी वर्ग ५ होत नाही.

ब्राउझरला फोटो जेपेगमध्ये द्या, पीएनजीमध्ये नको. गटांच्या लेयरला पीएनजी८ पुरतो, मोबाइल डेटावर हा फरक जाणवतो.

उत्तर: प्लॅनवाचक

एवढं झाल्यावरच टाइल कॅश. आधी केली असती तर मूळ दोष झाकला गेला असता आणि प्रत्येक नवी टाइल पहिल्या माणसाला सहा सेकंद थांबवत राहिली असती.

ओपनलेयर्समध्ये टाइलडब्ल्यूएमएस वापरून विनंतीत टाइल्ड=ट्रू पाठवा आणि जिओसर्व्हरच्या कॅशिंग डिफॉल्ट्समध्ये डब्ल्यूएमएसशी थेट जोडणी चालू करा. उत्तराच्या हेडरमध्ये जिओवेबकॅशचा (जिओसर्व्हरमधली टाइल कॅश) निकाल येतो, हिट (टाइल कॅशमधून आली) किंवा मिस, आणि मिस असेल तर कारणही. विनंतीत सीक्यूएल_फिल्टर (ठरावीक ओळीच निवडणारी अट) असेल तर त्याचा पॅरामीटर फिल्टर लावल्याशिवाय कॅश वापरली जात नाही. नेहमी सापडणारं कारण हेच.

सगळ्या टाइल आधीच तयार (सीड) करू नका. पुणे जिल्ह्याएवढ्या १५,६४३ चौ. किमी क्षेत्राला झूम १४ वर साधारण २,९०० टाइल लागतात, आणि दर पायरीला चौपट होत झूम १८ वर साडेसात लाखांच्या घरात जातात. १५ पर्यंत सीड करा, पुढचं मागणीनुसार तयार होऊ द्या, डिस्क कोटा लावा. जमीन-वापर बदलला की त्या गावाच्या चौकोनापुरतीच कॅश काढता येते.

राहिली गर्दी. पोस्टजीआयएस स्टोअरमध्ये कनेक्शनची कमाल मूळची १० असते. ती थेट १०० करू नका, ८ कोअरवर एकाच वेळी १०० चित्रं काढायला लागलं की सगळीच रखडतात. कंट्रोल-फ्लो मॉड्यूल बसवून एकाच वेळी चालणाऱ्या गेटमॅपची मर्यादा १६ ठेवा आणि कनेक्शन २० करा. गाव, गट, ओढे यांचा एक लेयर ग्रुप करून एकच टाइल मागवा, तीन वेगळ्या नकोत. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टकडे एका वेळी सहाच जोडण्या उघडतो, बाकीच्या टाइल तिथेच रांगेत थांबतात.