दिवस भरत आल्यावरचं रोजचं जगणं: तुमचे अनुभव लिहा ना

घोडबंदर रोड, ३४ वा आठवडा

माझी पहिलीच वेळ आहे. सगळे दोनच गोष्टी सांगतात, डोहाळे जेवणाला काय काय केलं आणि कळा कशा असतात. मधल्या या दोन महिन्यांबद्दल कोणी बोलतच नाही. रात्री कूस बदलायची तर आधी उशी सरकवा, मग पोटाखाली हात घाला, मग पाय वळवा, आणि एवढं होईपर्यंत लघवीला लागलेलीच असते. परवा चार्जर खाली पडला, वाकता येईना, घरात कोणी नव्हतं, तिथेच उभ्या उभ्या रडू आलं मला. डॉक्टरकडे दीड तास नंबरची वाट बघायची आणि आत गेलं की बीपी, वजन, ठोके, झालं, विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून तुम्हाला विचारतेय. घरातलं, ट्रेनमधलं, ऑफिसमधलं, लाज वाटते म्हणून कुठे बोलत नाही तेसुद्धा लिहा.

कळवा, दुसरी वेळ, नववा लागला

मी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोलीला उतरते आणि पुढे रिक्षा. ठाणे स्टेशनचा पूल चढून नऊ-दहा नंबरला येईपर्यंत धाप लागते, म्हणून आता पंधरा मिनिटं आधीच निघते, भरलेली गाडी सोडते आणि पुढची लागते तिच्यात आधी चढून बसते, तिथूनच सुटते त्यामुळे जमतं. परतीला मात्र हाल. लेडीजमध्ये सगळ्याच दमलेल्या असतात आणि ओढणीमुळे पोट पटकन कळतही नाही. पहिल्या वेळी मी संकोचाने उभी राहायची, कोणी आपणहून उठेल म्हणून वाट बघायची. या वेळी सरळ बोलते, "ताई, नववा चालू आहे, बसायला द्याल का?" आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही. दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा गरोदर बाईला चालतं हे खूप जणींना माहीतच नसतं. तिथे एकदा एका काकांनी "तुम्ही इथे कशा?" म्हणून विचारलं, मी फाइल दाखवली, ते उठलेच. तेव्हापासून फाइल पर्समध्येच असते.

आणि रजेचं. कायद्याने २६ आठवडे मिळतात (पहिल्या दोन मुलांसाठी), त्यातले ८ पर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. मागच्या वेळी मी सगळी रजा बाळासाठी राखून ठेवली आणि ३८ व्या आठवड्यापर्यंत सुजलेले पाय घेऊन खुर्चीवर बसून राहिले. या वेळी चार आठवडे आधीच घेतेय. घरून "आत्तापासून बसून काय करणार" असं ऐकलंच, तरी घेतेय.

नेरूळ

अ‍ॅसिडिटी!! झोपलं की घशाशी आंबट यायचं. दोन उशा लावून अर्धवट बसल्यासारखी झोपायची, रात्रीचं जेवण साडेसातला. आणि लोहाची गोळी चहासोबत घेत होते, डॉक्टरांनी तेही बंद करायला लावलं. कॅल्शियमची वेगळ्या वेळी घ्यायची, दोन्ही एकदम नाही.

ऐरोली, मुलगी दीड वर्षाची

मी एकच सांगते पण ते प्लीज नीट वाचा. ३६ व्या आठवड्यात मला रात्री तळहात आणि तळपायांना खाज सुटायची, पुरळ वगैरे काही नाही, नुसती खाज, इतकी की पाय बाथरूमच्या लादीवर घासत बसायची. मावशी म्हणाली पोट ताणलं की होतं, खोबरेल लाव. बाळाच्या डोक्यावर केस येतायत असंही कोणी म्हणालं. चार दिवस मी तेल लावत बसले. चेकअपला सहज बोलून गेले तर डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं, लिव्हरची तपासणी आणि बाइल अ‍ॅसिड. कोलेस्टेसिस निघालं, म्हणजे लिव्हरमधून पित्त नीट वाहत नाही आणि रक्तात साठतं. यात बाळाला धोका असू शकतो म्हणून लक्ष ठेवलं आणि ३७ पूर्ण झाल्यावर कळा आणायचं औषध दिलं. मुलगी छान आहे. पण ते चार दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. अशी खाज आली तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

कामोठे

लिफ्टमध्ये रोज कोणीतरी पोटाकडे बघून "टोकदार आहे, मुलगाच". मला मुलगी हवी होती म्हणून नाही, पण प्रत्येक वेळी वाईट वाटायचं. परवानगी न विचारता पोटाला हात लावणाऱ्या पण खूप. शेवटी "काकू, नको हं" म्हणायला शिकले.

कोपरखैरणे, मी नवरा आहे, लिहिलं तर चालेल ना

बायकोला डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा, दोन तासांत दहा तरी व्हायला हव्यात. एका रविवारी संध्याकाळी सहाच मोजल्या. तिला वाटलं उगाच कशाला त्रास द्यायचा, मी म्हटलं चल. रस्त्यात खड्डे, रिक्षावाल्या दादांनी इतकी हळू नेली, पैसे पण घेत नव्हते. एनएसटी (पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके बघतात ती तपासणी) लावलं आणि ठोके ऐकू आले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. सगळं ठीक होतं. नर्स म्हणाली, दहा वेळा या, कोणी रागावणार नाही.

नौपाडा, मुलगा १९९९ चा

मी आता आजी होणारे. आमच्या वेळी ठाणे-वाशी लोकल नव्हती (ती २००४ ला आली), माहेर तुर्भ्याला, बसने जायचे, ड्रायव्हरच्या मागची सीट धरून. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई रात्री काही न बोलता माझ्या पोटऱ्या दाबायच्या, फार पेटके यायचे मला. पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. माझी मोठी जाऊ तरुणपणीच विधवा झालेली. नऊ महिने तिने मला गरम गरम भाकऱ्या करून घातल्या आणि ओटीच्या दिवशी ती आत स्वयंपाकघरातच. मी पाटावर बसले होते, मला बोलता आलं नाही. गेल्या महिन्यात सुनेचं डोहाळे जेवण केलं, पहिली ओटी जाऊबाईंनी भरली. त्यांचे हात थरथरत होते, नारळ सुनेनेच सावरला.

घोडबंदर रोड, ३५ वा आठवडा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ऐरोलीच्या ताई, मला पण तीन रात्री तळव्यांना खाज होती, मी इथे लिहिलंच नव्हतं, गरमीने असेल वाटलं. तुमचं वाचून सकाळी फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. रिपोर्ट आज आला, नॉर्मल आहे, खाज राहिली तर पुढच्या आठवड्यात परत करायचाय. आईला रात्री इथेच झोपायला बोलावलंय.