बर्फ, धुकं आणि न झालेली मॅच : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुळे सोलापूरकर

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये असतो. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, आज पोराची फुटबॉल मॅच रद्द. बर्फ पडलाय." खिडकीतून बघितलं तर बर्फ जेमतेम चार बोटं. मला हसूच आलं. आपल्याकडे मे महिन्यात ४४ डिग्रीत पोरं टेनिस बॉलवर दिवसाला तीन मॅच काढतात. तो म्हणाला, "तू एकदा ये, मग हस."

तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या गावची माणसं आता कुठंकुठं गेलीत. बर्फ, धुकं, थंडी यांमुळे कुणाचा सामना बुडाला, कोण स्टेशनवर अडकलं, ते लिहा. उन्हाचं नको, ते आपल्याला पाठ आहे.

शेंगाचटणी

भाऊजी, ती पोराची आई मीच. तुम्ही हसलात म्हणून सविस्तर लिहिते.

अडचण बर्फाची नसतेच, बर्फाखालच्या जमिनीची असते. रात्रभर गोठली की मैदान सिमेंटच्या कोब्यासारखं होतं. रेफ्री किंवा क्लबचं कुणीतरी सकाळी येऊन बुटाचा स्टड, म्हणजे तळाची खुंटी, जमिनीत रुततो का ते बघतं. नाही रुतला की मॅच गेली. अकरा वर्षांचं पोर तसल्या जमिनीवर गुडघ्यावर पडलं तर काय होईल, तुम्हीच सांगा. मला वाटायचं प्लॅस्टिकच्या गवताचं मैदान तरी चालेल. तर त्यावरचा बर्फ फावड्यानं खरवडला की खालचा गालिचा फाटतो आणि रबराचे दाणे निघून जातात, म्हणून तेही बंद.

टीव्हीवरच्या प्रीमियर लीगचं वेगळं. तिथं जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप असतात. इंग्लंडमध्ये ही सोय पहिल्यांदा केली एव्हर्टन क्लबनं, १९५८ मध्ये, तेव्हा विजेच्या तारा टाकून. आमच्या गल्लीतल्या क्लबकडे चहाची किटली आहे तेवढीच.

पहिल्या वर्षी मला हे काही माहीत नव्हतं. सकाळी सात वाजता ग्रुपवर मेसेज आला होता, पण मी थालीपीठं लावत बसले होते, फोन कोण बघतंय! डबा बांधला, सोलापुरी चादर अंगावर घेतली आणि पोराला घेऊन पाऊण तास घसरत घसरत मैदानावर. फाटकाला कुलूप. शेजारच्या उतारावर दुसरी चार पोरं चहाच्या ट्रेवर बसून घसरत होती, त्यांची आईही मेसेज न वाचलेलीच. थालीपीठं त्यांनी संपवली.

खरा त्रास नंतर सुरू होतो. रद्द झालेली मॅच कधी घ्यायची? हिवाळ्यात चार वाजता अंधार, लहान क्लबांच्या मैदानांना दिवे नाहीत, म्हणजे मधल्या वारी घेता येत नाही. सगळं साचत जातं आणि एप्रिल-मेमध्ये एका दिवशी दोन-दोन मॅच. मागच्या वर्षी पोराचा वाढदिवस, शाळेची सहल आणि राहिलेल्या दोन मॅच एकाच शनिवार-रविवारी आल्या.

सात रस्ता

काय बे, तुमच्याकडं निदान मेसेज तरी येतो! आमचं सोलापूरचं होम मैदान सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गेलं की महिनाभर प्रॅक्टिस बंद, मेसेज कुणाचा नाही. बर्फ म्हणाल तर गड्ड्यात गोळ्यावरचा, काला खट्टा मारलेला. तेवढाच आमचा अनुभव.

निवृत्त गार्ड

सात रस्ता, गड्ड्याला नावं ठेवायची नाहीत.

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात गार्ड होतो. आपल्याकडे धुकं म्हणजे पहाटे तासभराची गंमत. उत्तरेत तसं नाही. इंजिनातून सिग्नलच दिसत नाही. पूर्वी सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर फटाके ठेवत. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळायचं, सिग्नल आला. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. तरी ते लावूनसुद्धा धुक्यात ताशी ७५ च्या वर जायचं नाही.

एका डिसेंबरात ओळखीतल्या मुलींचा खो-खोचा संघ दिल्लीकडं निघाला होता, कर्नाटक एक्सप्रेसनं. सोलापूरहून गाडी वेळेवर सुटली, म्हणून सगळे निर्धास्त. आग्र्याच्या पुढं गाडी रांगायला लागली. मुली दिल्लीला नऊ तास उशिरा उतरल्या. तोवर पहिला सामना पुढे चाल देऊन गेला होता. न खेळता हरल्या. त्यांच्या सरांनी आयोजकांना किती विनवलं! तिकडचं उत्तर एकच, बाकीचे संघ वेळेवर आलेत. आले असतील, ते शेजारच्या राज्यांतले होते. माझं मत विचाराल तर थंडीत उत्तरेत स्पर्धा ठेवणाऱ्यानं लांबच्या संघांना पहिल्या दिवशी खेळवूच नये.

आणखी एक गोष्ट लोकांना कळत नाही. "इथं तर लख्ख ऊन आहे, गाडी का लेट?" म्हणून स्टेशनवर भांडतात. अहो, तिकडून उशिरा आलेले डबेच धुऊनपुसून परत पाठवायचे असतात. दिल्लीचं धुकं दोन दिवसांनी सोलापूरच्या फलाटावर उतरतं ते असं.

नोकरी लखनौ

१७ डिसेंबर २०२५, भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी. तिकीट काढून आत बसलो होतो. पाऊस नाही, मैदान कोरडं, दिवे चालू. पंच परत परत येऊन बघून जात होते. शेवटी एकही चेंडू न टाकता रद्द, कारण धुकं. घरी फोन केला तर आई म्हणाली, "स्वेटर घातलास ना?"

पार्क स्टेडियमचा कट्टा

लखनौकर, तुमच्याहून नशीबवान माणसं सांगतो. २ जून १९७५, इंग्लंडमधलं बक्स्टन. काउंटी क्रिकेट, डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर. जूनमध्ये बर्फ पडला आणि अख्ख्या दिवसाचा खेळ गेला! पंच होते डिकी बर्ड.

पण मजा पुढं आहे. आदल्या खेळात लँकेशायरनं ५ बाद ४७७ केले होते, क्लाइव्ह लॉइड नाबाद १६७. तेव्हा खेळपट्टी झाकत नसत. बर्फ वितळला, पाणी मुरलं आणि डर्बीशायर ४२ आणि ८७ मध्ये गुंडाळलं गेलं. डाव आणि ३४८ धावांनी हार. ज्यांनी काळ्या मातीत अवकाळी पावसानंतर क्रिकेट खेळलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बुटाला दोन-दोन किलो माती, आणि चेंडू एक नाकाशी, दुसरा घोट्याशी.

नवी पेठ ते टोरांटो

आम्ही शहाणे. बर्फाची कटकट नको म्हणून संक्रांतीला बॅडमिंटन ठेवलं, हॉलमध्ये. आत हीटर, लाइट, तिळगूळ, सगळं तयार. रात्री वादळ झालं. सकाळी तासभर फावडं मारून दारातली वाट मोकळी केली, तेवढ्यात पालिकेची बर्फ ढकलणारी नांगर-गाडी रस्ता साफ करत आली आणि तो सगळा बर्फ आमच्या दारात ढकलून गेली. गुडघाभर बांध! नवरा फावडं टाकून आत येऊन झोपला. बत्तीस जोड्यांपैकी पोचल्या पाच. त्या पाचांत हॉलची किल्लीवाली नव्हती.

अक्कलकोट रोड

आमचा उलटा. मित्राची बहीण स्कीइंग करते, तिचं बघायला म्हणून गुलमर्गला जायचं ठरवलं. खेलो इंडिया विंटर गेम्स, २२ फेब्रुवारी २०२५ पासून. पुणे-दिल्ली-श्रीनगर विमानं, हॉटेल, कानटोप्या, सगळं झालं. आणि खेळ पुढे ढकलले. का, तर बर्फच नाही! परत न मिळणारी तिकिटं असल्यामुळं तरी गेलो. चार दिवस मातकट उतार बघून परत आलो. महिनाअखेरीला धो-धो बर्फ पडला आणि ९ मार्चला खेळ सुरू झाले. तेव्हा मी होटगी रोडला टायरचं पंक्चर काढत होतो.

शेंगाचटणी

अक्कलकोट रोड, आमच्या बागेतला घेऊन जा, फुकट.

विजापूर वेस

मध्येच विचारते, माफ करा. मुलगी दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेसनं येतेय, उद्या तिची विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे. ॲपवर सहा तास लेट दाखवतंय. काका, पोचेल का?

निवृत्त गार्ड

ताई, आता गाडी कुठं आहे ते सांगा. भोपाळ सोडलं असेल तर धुकं मागं पडलं, दौंडपर्यंत थोडाफार वेळ भरून निघेल. चाचणी किती वाजता आहे? आणि तिच्या सरांना आत्ताच फोन करून ठेवा, सकाळची वाट बघू नका.