नाणेफेक कशाला? गुणफरक का नाही? (मदत हवी आहे)

२०२५ च्या एसईसी (अमेरिकेतली एक कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेज संघांची लीग) महिला बास्केटबॉलमध्ये साउथ कॅरोलिना आणि टेक्सस दोघंही १५-१ (१५ विजय, १ हार). आपसांत एकेक सामना: जानेवारीत साउथ कॅरोलिना ६७-५०, फेब्रुवारीत ऑस्टिनला टेक्सस ६६-६२. एसईसीत बाकी कुणाकडून दोघंही हरले नाहीत, त्यामुळे इतरांविरुद्धच्या निकालांनीही कोंडी फुटत नाही. लीगचं विजेतेपद विभागून दिलं, ते कळलं. पण त्यानंतरच्या एसईसी बाद-स्पर्धेतलं पहिलं मानांकन चक्क टीव्हीवर नाणं उडवून! (साउथ कॅरोलिनाला लागलं.)

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाने आपसांतला गुणफरक धरला असता तर १७ विरुद्ध ४, विषय संपला. हरणाऱ्याला उगाच धू-धू धुऊ नये म्हणून टाळत असावेत, हा माझा अंदाज.

एनबीए किंवा पुरुषांचं उदाहरण नको. अमेरिकेतल्या एखाद्या महिला कॉलेज कॉन्फरन्समध्ये बरोबरी सोडवायला गुणफरक धरतात का?