ई-जर्नल स्वस्त पडतं म्हणे. कोणाच्या हिशेबाने?

कार्डेक्सवाला
ग्रंथालय समितीच्या बैठकीत या वर्षीही तोच सूर: छापील जर्नलं बंद करा, ई घ्या, पैसे वाचतील. कोटेशनांमधले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, ई-चा लहान निघाला, ठराव मंजूर.

माझी हरकत एवढीच की हे दोन आकडे एका वस्तूचे नाहीतच. छापील अंकाचे पैसे दिले की अंक आपला. पुढे वर्गणी थांबवली तरी रॅकवरचे खंड कोणी उचलून नेत नाही. ई-मध्ये बऱ्याचदा आपण नुसतं भाडं भरत असतो. आमचं नूतनीकरण एकदा पंधरा दिवस लांबलं, तर ज्या वर्षांचे पैसे कधीच चुकते केले होते तेही अंक बंद. एक पीएचडीचा मुलगा काउंटरवर मोबाइल पुढे करून उभा: 'तुमच्या संस्थेला हा लेख उपलब्ध नाही.' त्या जर्नलचे बांधीव खंड माझ्या पाठीमागेच होते, पण त्याला हवा असलेला लेख नेमका आम्ही छापील बंद केल्यानंतरच्या वर्षातला.

घर भाड्याने घेणं आणि विकत घेणं यांची तुलना कोणी एका महिन्याच्या हप्त्यावरून करतं का? दहा वर्षांचा हिशेब मांडा, मग बोलू.

रॅकखालची धूळ
कार्डेक्सवाले, मांडाच दहा वर्षांचा. पण मग छापीलच्या रकान्यात फक्त वर्गणी लिहून सुटता येणार नाही. अंक 'आपला' व्हायला आधी तो हातात पडावा लागतो. चौथा अंक येत नाही, आपण एजंटला स्मरणपत्र पाठवतो, तो प्रकाशकाकडे बोट दाखवतो, आणि प्रकाशक कळवतो की गहाळ अंकाच्या दाव्याची मुदत उलटली. त्या एका अंकापायी अख्ख्या वर्षाचं बाइंडिंग अडकून राहतं.

शिवाय बाइंडरचं बिल, रॅक, वाळवी, नोंदी करणारा माणूस. आणि एवढं करून खंड उघडावा तर पान ११२ नंतर थेट १२१. मधली पानं ब्लेडने सफाईदार कापलेली. ही मालकी तुम्हालाच लखलाभ.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस छापीलकडून ई-कडे मोहरा वळवला आणि दोन्हींचा दर वाचनामागचा खर्च काढला. त्यात बांधीव खंड सर्वांत महाग पडले. जुन्या जर्नलांचे अंक ऑनलाइन देणारं जेस्टोर १९९५ मध्ये सुरू झालं त्यामागेही जुन्या अंकांनी खाल्लेली जागा हेच मोठं कारण होतं.

नुसताच वाचक
तुम्ही दोघंही कागदावरून भांडताय. किंमत कागदाची नाहीच. हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की काही जर्नलांची वर्गणी वर्षाला ४०,००० डॉलरपर्यंत गेली आहे आणि हे परवडणारं नाही. कुठला कागद इतका महाग असतो?

खरी मेख पॅकेजात आहे. अकॅडेमिक प्रेसने १९९६ मध्ये सगळी जर्नलं एकगठ्ठा देणारा करार बाजारात आणला, मग बाकीच्या मोठ्या प्रकाशकांनी तोच कित्ता गिरवला. अशा करारांत रक्कम बहुधा त्या ग्रंथालयाच्या आधीच्या छापील वर्गणीवर बेतलेली असायची, वर दरवर्षी ठरलेली वाढ. म्हणजे ज्यांनी पूर्वी हात सैल सोडून छापील घेतलं, त्यांना ई-सुद्धा महागच पडलं. नको असलेली दहा जर्नलं काढायची म्हटलं तर उरलेल्यांचा सुटा भाव असा सांगतात की माणूस मुकाट पॅकेजवर सही करतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठ २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी बोलणी मोडून उठलं. नवा करार झाला तो २०२१ मध्ये, आणि त्यात विद्यापीठाच्या लेखकांचे लेख सर्वांना खुले ठेवण्याची सोय होती. पण तेवढं मोठं विद्यापीठ असावं लागतं हो.

रॅकखालची धूळ
'नको असलेली' हे कोणी ठरवलं? आमच्याकडे पॅकेजबरोबर आलेली, आम्ही जन्मात मागवली नसती अशी जर्नलं वापराच्या अहवालात वरच्या पानावर असतात.

कार्डेक्सवाला
डाउनलोड म्हणजे वाचन नव्हे. त्यातून एकाच माणसाने लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग पीडीएफ उतरवली की जुन्या अहवालांत ते दोनदा मोजलं जायचं. ई-वापर मोजण्याचे 'काउंटर' नावाचे ठरलेले नियम आहेत, त्यांच्या पाचव्या आवृत्तीपासून हे वेगळं काढता येतं. तुमचे अहवाल कुठल्या काळातले?

(छापील कोण किती वाचतं हे मलाही टेबलावर पडलेल्या अंकांवरूनच कळतं, हेही कबूल.)

बारीक अक्षर
कार्डेक्सवाले, तुमचे पंधरा दिवस ई-मुळे गेले नाहीत, करारामुळे गेले. वर्गणी थांबल्यावरही पैसे भरलेल्या वर्षांचे अंक दिसत राहतील, असं कलम थेट प्रकाशकाशी केलेल्या बऱ्याच करारांत असतं. पोर्टिको आणि लॉक्स यांसारख्या व्यवस्था आहेत त्या प्रकाशकाचं दुकान बंद झालं तरी प्रती टिकाव्यात म्हणूनच. मात्र अनेक प्रकाशकांची जर्नलं एकत्र विकणारे डेटाबेस स्वस्त दिसतात, तिथे सहसा असा हक्क नसतो, आणि ताजे अंक कधीकधी वर्षभर उशिराने येतात. समितीपुढचं कोटेशन यातलं कुठलं होतं?

कार्डेक्सवाला
आत्ता फाइल काढून पाहिली. करार थेट प्रकाशकाशीच आहे आणि कलमही आहे. पुढे लिहिलंय: प्रवेश 'प्रकाशक ठरवेल त्या माध्यमातून' आणि 'त्या वेळी लागू असलेल्या शुल्कासह'. शुल्काचा आकडा कुठेच नाही.

रॅकखालची धूळ
तो नूतनीकरणाच्या सहीआधी लेखी मागून घ्या. इथे मी तुमच्याच बाजूने. नंतर मागितलात तर माझ्या चौथ्या अंकासारखंच उत्तर येईल.