घर घ्यायच्या आधीची धावपळ : तुमचे अनुभव लिहा

चहापत्ती
बँकेने आयटी रिटर्न मागितलेत म्हणून काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. रिटर्न राहिले बाजूला, हातात आली बाबांची 1991 ची वही. तेव्हा बाबा नाशिकला, सातपूरच्या कंपनीत आणि सिडकोतलं घर घ्यायचं चाललेलं. पानभर हिशोब. पतपेढी, मामाकडून उसने, आईच्या पाटल्या (हे दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय) आणि सगळ्यात खाली "टेप 30 फुटी, 22 रु." तिथेच बसले धुळीत. आई खालून ओरडतेय कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या म्हणून आणि मी पाटल्यांवरच अडकलेली.
आम्ही सहा महिने दर रविवारी पाथर्डी फाटा ते म्हसरूळ फिरतोय. टू बीएचके, पन्नासच्या आत. नवऱ्याने एक्सेल केलीय, मला ती बघितली की झोप येते. तुम्ही काय तयारी केलेली, कुठे गंडलात ते लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. बरं, सल्लेही चालतील.

डबलबेड
टेप न्याच! सॅम्पल फ्लॅटमधला बेड मुद्दाम छोटा करून घेतलेला असतो, आमच्या हिने मोजला तर साडेपाच फूट लांब निघाला. मी झोपलो तर पाय बाल्कनीत. रेरा (घरखरेदीचा कायदा) आल्यापासून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, लिहावं लागतं पण तोंडाने अजून सेलेबलच सांगतात, म्हणजे जिना-लॉबी धरून फुगवलेला आकडा. आमचा सेल्सवाला साडेनऊशे साडेनऊशे करत होता, कागदावर कार्पेट सहाशे वीस.

गंगेकाठची
माझं जरा वेगळं. पंचवटीत एक घर फार आवडलेलं, खिडकीतून गंगा (आमची गोदावरी हो) दिसायची, भाव पण कमी. सासरे काही बोलले नाहीत, गाडीतून उतरले आणि समोरच्या किराणावाल्या आजोबांना विचारलं, 2008 च्या पुराला पाणी कुठवर होतं? आजोबांनी दुकानातल्या वरच्या फळीला हात लावला. झालं. 2008 ला मी नाशकात नव्हते त्यामुळे मला नदीतला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला एवढंच माहीत. नंतर महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघितला, बिल्डिंग निळ्या रेषेच्या, म्हणजे पुराच्या पट्ट्याच्या, आतच निघाली. खिडकी अजून आठवते पण.

हिशोबी_माणूस
घाईत लिहितोय, लंच टाइम आहे. किंमत म्हणजे खर्च नाही हो, इथेच सगळे मरतात. आमचं 48 लाखाचं, बांधकाम चालू असलेलं. बँक 80 टक्के देते म्हणजे 38 लाख 40 हजार, उरलेले 9 लाख 60 हजार आपले. त्यावर स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, 2 लाख 88 हजार, नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे अजून 2 लाख 40 हजार. हे वरचे बँक धरत नाही. म्हणजे खिशात पंधरा लाख पाहिजेत आणि मी अकरा घेऊन हिरोसारखा गेलेलो. फक्त बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ड्युटी एक टक्का कमी लागते, जोडीने घेतलं तर सवलत नाही. हे मी घरी सांगितलं तर आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

डबलबेड
@हिशोबी_माणूस मग कोणाच्या नावावर घेतलं 😄

हिशोबी_माणूस
जोडीने. 48 हजारात घरात शांतता मिळाली, स्वस्तच म्हणायचं.

रिकामी_बादली
आडगावकडे बघत असाल तर सेल्सवाल्याला पाणी विचारूच नका, वॉचमनला विचारा, तेही मे महिन्यात. आम्ही श्रावणात बघितलं, सगळीकडे हिरवंगार, मोर ओरडतोय, काय वातावरण! राहायला गेलो आणि मार्चपासून टँकर. मोर पण गेला.

ओसरी
पितृपक्षात बुकिंग केलं तर ऑफर असते खरी, आम्ही केलं. सासूबाईंना तारीख दसऱ्याची सांगितलीय. इथे कोणी ओळखीचं असेल तर कृपया तोंड बंद ठेवा.

साधा_माणूस
लिहू की नको करत होतो. टोकन 51 हजार दिलं, रोख, साध्या चिठ्ठीवर, नाव नाही सांगत. लोन बसलं नाही कारण माझं जुनं बाईकचं कर्ज फेडूनही सिबिलला (आपल्या कर्जांची नोंद असते तिथे) उघडंच दिसत होतं, बँकेची एनओसी, कर्ज फिटल्याचं पत्र, घ्यायची राहिलेली. पैसे परत मागायला आठ महिने चकरा मारल्या, शेवटी वीस मिळाले. आधी सिबिल बघा, मग घर. आणि किंमतीच्या 10 टक्क्यांच्या वर पैसे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घेताच येत नाहीत, हे पण मला नंतर कळलं. बायकोला अजून एकवीसच हजार दिलेले असं वाटतं.

गंगेकाठची
@साधा_माणूस अरेरे. आमच्या दिराचंही सेम झालेलं, तुम्ही एकटे नाही.

ओसरी
दादा तुमचं पण गुपित इथे सेफ आहे.

मिसळप्रेमी_420
रविवारी साइट बघायला जाता तर मिसळ कुठे खाता ते कोणीच लिहिलं नाही, हा धागा नाशिकचाच आहे ना

रिकामी_बादली
गंगापूर रोडला गेलात तर चुलीवरची. दोन वाजेपर्यंत झोप येते मग फ्लॅट कुठलाही चांगलाच वाटतो, म्हणून आधी साइट मग मिसळ.

चहापत्ती
सगळ्यांचे आभार, नवरा हिशोबी_माणूसचे आकडे एक्सेलमध्ये टाकतोय आणि गप्प झालाय. आत्ता आईला वही दाखवली. म्हणाली पाटल्या मोडल्याच नाहीत, बाबांनी ऐनवेळी पीएफमधून काढले, मोडल्या त्या माझ्या बारावीच्या क्लासला. मला आजपर्यंत माहीत नव्हतं. टेप पण सापडला शिलाई मशीनच्या खणात. नऊ फुटापुढे गंजलाय, ओढला की अडकतो.

डबलबेड
किचन मोजायला पुरेल मग.

मिसळप्रेमी_420
चुलीवरची म्हणजे नक्की कुठली, लोकेशन टाका कोणीतरी